तू न लिहिलेली शेवटची फाईल

टेकू, तुझ्या तेरवीला पंगतीत वाढता वाढता तुझ्या मामांनी मला विचारलं, "बाई, तुमी टेकचंदसोबत कोन्तं काम करत होत्या जी?" मी म्हटलं, "भांडत होते." मामा हसले नाहीत. पण शेजारी बसलेल्या तुझ्या मेहुण्याला ठसका लागला, कारण त्याने आपल्याला गोंदियाजवळच्या कुडव्याच्या ऑफिसात प्रत्यक्ष भांडताना ऐकलं होतं. ऑफिस कसलं, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालचा दुकानदार नव्या गिऱ्हाइकाला वर बोट दाखवून सांगायचा, "डरो मत भैया, पार्टनर लोग हैं, कंप्यूटर का काम चल रहा है."

तू कसा गेलास, किती वाजता गेलास, ते मी इथे लिहिणार नाही. ते सगळ्यांना पाठ झालंय आणि जो भेटतो तो मलाच पुन्हा सांगतो, जशी काही मी कुठल्या परगावची. मला बोलायचंय ते आपल्या अर्ध्या राहिलेल्या वादाबद्दल. हा वाद तू माझ्या गळ्यात टाकून गेलास. समोर कोणी नसताना भांडायचं कसं ते मला येत नाही, आणि एकटीने बडबडले तर खालचा दुकानदार आता वर येऊन बघतो.

आपण काय करत होतो हे मामांना मी नीट सांगायला हवं होतं. तू असतास तर सांगितलं असतंस. तुझ्याकडे त्यासाठी कामठ्याच्या, तुझ्या गावच्या शेतातली गोष्ट तयार असायची. रोवणीच्या दिवसांत मी तुमच्या शेतावर आले होते, तुझी बायको, ललिता वहिनी, आणि बाया बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, वाकून रोपांचे परे लावत होत्या, आणि धुऱ्यावर बसून तू मला विचारलंस, "चहा आला की बाई काय करते? हातातली जुडी जिथं थांबली तिथंच खोचते. चहा पिऊन आली की तिथून पुढं. पयल्यापासून बांधी रोवते का? नाई ना?" कोरूटीन म्हणजे एवढंच, तू म्हणालास. काम मधेच थांबवायचं, दुसऱ्याला जागा द्यायची, आणि परत आल्यावर नेमकं तिथूनच धरायचं. वहिनींनी कंबर सरळ करत ऐकलं आणि म्हणाल्या, "एवढ्यासाठी कम्प्युटर लागते का तुमाले?" आपल्या कामावर इतकं नेमकं कोणी बोललेलं मला आठवत नाही. त्याच संध्याकाळी आपण बनवत असलेल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं नाव 'बांधी' ठेवलं.

राइस मिलवाल्यांना ती भाषा आवडायचं कारणही तेच होतं. उसना, म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलमध्ये धान भिजवायचं, थांबायचं, वाफ द्यायची, थांबायचं, सुकवायचं. टाक्या अनेक, ड्रायर अनेक, आणि सगळ्यांवर नजर ठेवणारा कंप्यूटर मात्र तळहाताएवढा एकच बोर्ड. बांधीत प्रत्येक टाकीचं काम सरळ एकाखाली एक लिहिता यायचं. मिस्त्री स्वतः बदल करायचे. एक टाकी थांबली की तोच बोर्ड दुसरीकडे वळायचा. हे वळवायचं काम करणारा भाग, म्हणजे भाषेचा रनटाइम, तुझ्याकडे होता. लिहिलेलं मशीनला समजेल असं करून देणारा कंपायलर माझ्याकडे. आणि भांडण बरोबर दोघांच्या मधल्या धुऱ्यावर.

प्रोसेसरला मोजके खिसे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. हातातलं काम त्या खिशांत. अर्धवट राहिलेल्या गोष्टींचा ढीग, म्हणजे स्टॅक, बाजूला. एक काम थांबवून दुसरं धरायचं तर पहिल्याच्या खिशातलं सगळं काढून जपून ठेवायचं, त्याचा ढीग कुठवर आलाय त्याची खूण करायची, आणि दुसऱ्याचं सामान खिशात भरायचं. ऐकायला सोपं. पण ज्या सी भाषेत आपण रनटाइम लिहिला तिच्यात हे करायची सोयच नाही. ऑफिसच्या पीसीवर एक आयती सोय सापडली म्हणून तू नाचलास, तर मिलच्या छोट्या बोर्डवर तिचा पत्ताच नव्हता. शेवटी काय, खिसे प्रत्येक जातीच्या प्रोसेसरचे वेगळे, आणि कुठला खिसा कोणी जपायचा याचे करारही वेगळे. म्हणून तेवढ्या थोड्या ओळी त्या त्या चिपच्या स्वतःच्या भाषेत हाताने लिहाव्या लागतात. बाकी सगळा रनटाइम कुठेही चालेल, पण या ओळी नाहीत.

तुला ते आवडायचं. नवीन चिप आली की तिचं जाडजूड पुस्तक उघडून तू असा बसायचास, जसा दुसरा कोणी लग्नाची पत्रिका वाचतो. मला ते मुळीच आवडायचं नाही. माझं म्हणणं एकच, की खिशांना हातच लावू नये. कंपायलरने प्रत्येक कामाचे तुकडे पाडावेत, कुठवर आलो त्याचा आकडा बाजूला टिपून सरळ परत यावं, पुन्हा बोलावलं की आकडा बघून तिथून पुढे. साधी सी. जगातल्या कुठल्याही चिपवर चालेल, तुझं पुस्तक न उघडता.

"अन् एका कामानं दुसऱ्याले बलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याले, अन् त्या तिसऱ्याले थांबा लागलं तं?" तू खुर्ची मागे रेटून म्हणायचास. "मंग तिघाईचे तुकडे पाडा लागन. तुह्या घरात मानसाले घडीभर थांबायचं असन तं आज्यापासून सगळ्याईची परवानगी लागते व!"

"आणि तुझा रनटाइम? तो कुठेही जात नाही टेकू. तूच जातोस. नवीन चिप आली की डबा घेऊन निघालास."

"मंग जातो ना. काऊन, तुले कायचा तरास?"

तिरोडा, आमगाव, देवरी, जिथे मिल तिथे तू. फोन आला की गाडीला किक. आपला वाद तिथे येऊन थांबायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू व्हायचा. आता लिहिताना मला जाणवतंय की या भांडणात मी तुझ्याकडून जेवढं शिकले तेवढं कॉलेजात कोणाकडून शिकले नाही. हे मी तुला तोंडावर म्हटलं असतं तर तू महिनाभर मिरवलं असतंस, म्हणून म्हटलं नाही.

सालेकशाची मिल आठवते ना? तिथे आपण पहिल्यांदा जरा भारीतला बोर्ड लावला. आठवडाभर सगळं ठीक, आणि मग दोन नंबरच्या ड्रायरमधल्या धानाचा ओलावा मधेच तीन नंबरवर दिसायला लागला. आपल्याकडे मिलमध्ये काहीही बिघडलं की पहिला संशय भुशावर, आणि दहातल्या नऊ वेळा तो खराही ठरतो. आपणही तेच धरून चाललो. सेन्सर उघडले, हवा मारली, कापडाच्या टोप्या शिवून घातल्या. वायरी बदलल्या. मिस्त्री गुलाबभाऊंनी पॅनलवर लिंबू-मिरची बांधली आणि तू गंभीर चेहऱ्याने म्हणालास, "यानं फरक पडून राहिला." पडला नव्हता.

मग एका दुपारी डबा खाता खाता तू घास हातात धरून थांबलास. जुन्या स्वस्त चिपला दशांशाच्या हिशोबाचे वेगळे खिसे नव्हतेच. या नव्या चिपला होते. तू जुन्या सवयीने नेहमीचे खिसे जपत होतास आणि दशांशाचे तसेच उघडे सोडत होतास. म्हणून एका ड्रायरचा ओलावा खिशात राहायचा आणि पुढचं काम तो आपलाच समजून उचलायचं. चूक तुझी होती आणि मला इतका आनंद झाला की मी उभीच राहिले. "बघ! माझ्या पद्धतीत हे झालंच नसतं!" तू घास तोंडात टाकलास, सावकाश चावलास, आणि म्हणालास, "तुह्या पद्धतीत ड्रायरच झाला नसता." गुलाबभाऊ बिचारे विचारत राहिले, "मंग भुसा नोयता का?" तू म्हणालास, "होता ना भाऊ. आमच्या डोक्यात होता."

त्या दिवशी काम लवकर संपलं म्हणून आपण कचारगडच्या गुहा बघायला गेलो. जत्रेचे दिवस नव्हते, वाट मोकळी होती. वर मोठ्या गुहेच्या तोंडाशी बसून तू सहज सांगितलंस की बंगलोरच्या एका कंपनीने तुला बोलावलं होतं आणि तू नाही म्हणालास. मी विचारलं, "काऊन?" तर म्हणतोस, "तिथं सगळ्याईकडं एकच चिप रायते व. मजा का त्याच्यात?" मी तुला येडा म्हटलं. खरं तर त्या क्षणी माझ्या जिवात जीव आला होता, टेकू. तू गेला असतास तर मी कुडव्याच्या त्या दोन खोल्यांना कुलूप लावलं असतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही, आणि तुला ते माहीत होतं की नाही ते मला आता कधीच कळणार नाही.

आणि मग तो नवा बोर्ड. जुने बोर्ड येणं बंद झालं, बदल्यात जे मिळाले ते वेगळ्याच जातीच्या प्रोसेसरचे. तू एक मागवलास, पुस्तक छापून घेतलंस, आणि म्हणालास, "दिवाळीत बसतो. नवीन धान येयाच्या आधी होते." टेबलावर तो पारदर्शक पिशवीत तसाच आहे, म्हणजे होता. तू बसला नाहीस.

तेरवी आटपून दोन दिवस झाले असतील, गोंदियाच्या मिलवाल्या सेठजींचा फोन आला. आधी तुझ्याबद्दल बोलले, मनापासून बोलले. मग जरा थांबून म्हणाले, "मॅडम, बुरा मत मानना. पुराना बोर्ड जल गया है और धान गेट पे खड़ा है. नया वाला चालू होगा, या मैं टाइमर लगवा दूँ?" टाइमर म्हणजे जुनी पद्धत, घड्याळ लावून वाफ द्यायची, धान कसंही असो. एका मिलने बांधी काढली की बाकीच्या काढणार, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी म्हटलं, "टाइमर मत लगाइए. मी बघते." फोन ठेवला आणि पिशवीतला बोर्ड बाहेर काढला. तुझ्या त्या ओळी मी आयुष्यात कधी लिहिल्या नव्हत्या.

खरं सांगते, पहिल्यांदा मी माझीच पद्धत काढली. मैदान मोकळं होतं. तुझा फोल्डर काढून टाकायचा हुकूम टाइप करून ठेवला, फक्त एंटर दाबायचं बाकी. मग सेठजींच्या मिलचे बांधीत लिहिलेले नियम चालवून बघितले तर जिथे एक काम दुसऱ्याला आणि दुसरं तिसऱ्याला बोलावून आत खोलवर थांबत होतं तिथे सगळं कोलमडलं. मिस्त्र्यांनी इतकी वर्षं लिहिलेले नियम ऐन हंगामात उलटेपालटे करावे लागले असते. पण त्यापेक्षाही एक गोष्ट होती. मला हा वाद असा जिंकायचा नव्हता. मला तुला समोर बसवून, तुझ्या तोंडून "हो व, तुहं बरोबर आहे" असं म्हणवून घ्यायचं होतं. तू उठून गेलास म्हणून मी जिंकले, यात कसली आलीय शोभा! मी तो हुकूम पुसला आणि तुझं जाडजूड पुस्तक उघडलं.

पुस्तकातलं मला निम्मं कळलं. उरलेलं निम्मं मी तुझ्या जुन्या फायली शेजारी लावून समजून घेतलं. किती नीटनेटका होतास रे तू! बोलण्यात सगळा पसारा आणि त्या ओळींत एक अक्षर जास्त नाही. या चिपचे कोणते खिसे जपायचे ते मी एकेक करून लिहिलं, दशांशाचे सगळ्यात आधी. तू नेहमी म्हणायचास, "मधलं सोपं रायते. कामाले पयल्यांदा आत धाडणं अन् शेवटी बाहेर काढणं, तिथंच मार खाते मानूस." मला तो वाचाळपणा वाटायचा. आता बसल्यावर कळलं. जे काम अजून सुरूच झालं नाही ते मधेच थांबलं होतं असं खोटं खोटं उभं करावं लागतं, तरच ते पुढे धरता येतं. तेवढं जमलं. काम आत गेलं, थांबलं, दुसरं आलं, पहिलं परत आलं. मी टाळ्या वाजवल्या. आणि काम संपलं त्या क्षणी बोर्ड मुकाट बंद पडला.

पुन्हा तेच. पुन्हा तेच. शेवटी तुला शिव्या दिल्या. तुझ्या खुर्चीकडे बघून मोठ्याने म्हटलं, "सांग ना रे, काय चुकलं?" आणि रडले, टेकू. तेरवीपर्यंत मी रडले नव्हते, लोकांना वाढत होते. त्या बंद पडलेल्या बोर्डपुढे बसून पोटभर रडले. खालचा दुकानदार चहा घेऊन आला आणि ठेवून गेला.

चहा पिऊन मी परत पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. ऑफिसच्या पीसीत कामाचा परतीचा पत्ता ढिगात ठेवलेला असतो. ते मला पाठ होतं, म्हणून इथेही मी तो ढिगातच ठेवला होता. या चिपमध्ये परतीचा पत्ता खिशात असतो. काम संपल्यावर ते खिशात बघायचं, तिथे काहीच नसायचं, आणि ते कुठेच जाऊ शकायचं नाही. एका ओळीची दुरुस्ती. कामं सुरू झाली, थांबली, वळली, संपली, आणि बोर्ड शांतपणे पुढच्याची वाट बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी तो मिलमध्ये नेऊन लावला. टाक्या भरल्या, वाफ सुटली, ड्रायर फिरायला लागले. सेठजी दोन तास तिथेच उभे होते. जाताना म्हणाले, "टेकचंद होता तो हँसता." मी मान हलवली. तू हसला असतास आणि मग म्हणाला असतास की हे तू तीन ओळी कमी वापरून लिहिलं असतंस. वाद माझ्याकडून अजून मिटलेला नाही, सांगून ठेवते. मी अजूनही म्हणते की माझी पद्धत बरोबर आहे. ज्या कामाला प्रत्येक ठिकाणी एक टेकचंद लागतो ते काम पूर्ण झालं असं मी म्हणणार नाही. पण तुझी पद्धत तुझ्यामागे एका नव्या चिपवर गेली, आणि ती तुझ्या हाताने गेली नाही. एवढं तुला कळायला हवं होतं, म्हणून हे लिहितेय.

मिलमधून बाहेर पडले आणि पहिला फोन वहिनींना केला. म्हटलं, त्यांना बरं वाटेल. सांगितलं की त्याचं काम नव्या मशीनवर चढलं, वहिनी, मिल सुरू झाली. मग त्यांनी विचारलं, "त्याच्याबिगर सुरू झाली?"

"हो."

"मनजे त्याले बलवा नाई लागला."

"नाही वहिनी."

"बाई, तुमाले का सांगू," त्या म्हणाल्या. "इतके वर्स मशीन बंद पडली का फोन ये. तो जेवता जेवता उठून जाये. पोरीच्या वाढदिवसाले गेला, पंचमीले गेला. मी ताट झाकून ठेवत जाओ. मले एवढंच पायजे होतं बाई, का ते मशीन त्याच्याबिगर चालावं." मग अगदी हळू म्हणाल्या, "पन तो असतानी."

इतकी वर्षं आपण दोघं भांडलो, टेकू, आणि हा मुद्दा आपल्यापैकी एकानेही कधी मांडला नाही. याला तुझ्याकडे काही उत्तर असतं, तर ते मला ऐकायचं होतं.